मार्ग बदलला, औषध तेच : वेदनाशामक सपोझिटरीचा सुरक्षित वापर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परिचयातल्या एक काकू, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, मुलाचा हात धरून दवाखान्यात आल्या. पायांवर सूज, तोंडाला चव नाही, मळमळ, आणि दोन दिवसांपासून लघवीचे प्रमाण कमी. रक्त तपासले, तेव्हा चार महिन्यांपूर्वी १.० असलेले क्रिएटिनिन ३.६ निघाले. चालू औषधे विचारली तर उत्तर मिळाले, "रक्तदाबाची एक आणि थायरॉइडची एक. बाकी काही नाही." निघता निघता मुलगा संकोचून म्हणाला, "गुडघ्यांसाठी ती खालून ठेवायची गोळी तेवढी रोज रात्री देतो आम्ही. दीड-दोन महिने झाले असतील." माझा चेहरा पाहून काकूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, ती गोळी पोटात जातच नाही, मग तिचा कसला त्रास? आणि तुम्हीच तर लिहून दिली होती."

खरेच, मीच लिहून दिली होती. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांनी त्यांना जळजळ होत असे, म्हणून डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी रात्री एक, असे चिठ्ठीवर लिहिले होते. किती दिवस, ते मात्र लिहिले नव्हते. चार-पाच दिवसांसाठी दिलेले औषध त्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणले गेले. औषध बंद केल्यावर आणि योग्य उपचारांनंतर काकूंची मूत्रपिंडे सुदैवाने सावरली. परंतु त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण तो एकट्या काकूंचा नव्हता. हा समज समाजात सर्वदूर आहे आणि आम्हा डॉक्टर मंडळींच्या लेखणीतूनही तो नकळत पसरतो. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने स्मरणिकेच्या वाचकांसाठी हा लेखनप्रपंच.

सपोझिटरी म्हणजे काय?

गुदद्वारावाटे औषध देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात फलवर्तीचा उल्लेख आहे. आजची सपोझिटरी ही त्याच जातीची, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची मऊसर कांडी. तिचा मुख्य भाग मेदाचा असतो आणि त्यात औषध मिसळलेले असते. शरीराच्या उष्णतेने हा मेद काही मिनिटांत वितळतो व औषध गुदाशयाच्या अस्तरातून शोषले जाऊन रक्तात उतरते.

गुदाशयाच्या वरच्या भागातील रक्त यकृताकडे जाते, तर मधल्या व खालच्या भागातील बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून थेट सर्वसाधारण रक्ताभिसरणात मिसळते. त्यामुळे उलट्या होत असल्या, गिळता येत नसले किंवा रुग्ण उपाशी असला तरी औषध पोहोचते. हाच या मार्गाचा खरा लाभ. पण याच वर्णनात आपल्या विषयाचा गाभाही आहे. सपोझिटरी हा मलमासारखा जागच्या जागी राहणारा उपचार नाही. ठेवली खालून, तरी औषध अखेरीस रक्तातच जाते, आणि रक्तात गेलेले औषध सर्व अवयवांपर्यंत पोहोचते.

जठर खरोखर वाचते का?

अ‍ॅस्पिरिन आणि तत्सम औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन ही सारी याच कुळातली दाहशामक औषधे.

प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते, वेदना वाढते, ताप चढतो, म्हणून ती रोखली की बरे वाटते. परंतु हीच द्रव्ये शरीरात मोलाची कामेही करीत असतात. जठराच्या अस्तरावर संरक्षक थर राखणे हे त्यांपैकी एक. वेदनाशामक गोळी जठराला दोन प्रकारे इजा करते : एक, अस्तराला थेट स्पर्श करून, आणि दुसरी, रक्तावाटे पोहोचून संरक्षक प्रोस्टाग्लँडिन कमी करून. सपोझिटरीने पहिली इजा टळते, दुसरी टळत नाही. म्हणून सपोझिटरी वापरणाऱ्यालाही जठरात व्रण होऊ शकतो, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि तोही आधी जळजळीची सूचना न देता. ज्याला पूर्वी अल्सर झाला आहे किंवा रक्ताची उलटी झाली आहे, त्याला गोळीऐवजी सपोझिटरी देणे म्हणजे दार बदलून त्याच पाहुण्याला घरात घेणे होय.

अशा रुग्णाला पॅन्टोप्राझोलसारखे आम्लरोधक औषध सोबत देता येते व त्याचा जठराला उपयोगही होतो. मात्र ते ना मूत्रपिंडांचे रक्षण करते, ना हृदयाचे.

मूत्रपिंड आणि हृदय

शरीरात पाणी कमी पडले, वय झाले किंवा हृदय दुर्बल झाले की मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर उघड्या राहतात. वेदनाशामकाने तो आधार काढून घेतला की त्या आकुंचित होतात आणि गाळणीचे काम मंदावते. रुग्ण रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन यांपैकी काही घेत असेल आणि त्याच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध असेल, तर हा धोका आणखी वाढतो. या तीन प्रकारच्या औषधांचे एकत्र येणे मूत्रपिंडांना विशेष घातक ठरते. रुग्णाला वाटते, आपण रक्तदाबाची एकच गोळी घेतो. पण अशा कित्येक गोळ्यांच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असते आणि ते बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचे असते. काकूंची 'एक गोळी' तीच होती. तिसरे औषध आम्ही सपोझिटरीच्या रूपाने दिले.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडावर काय करू शकते, याचा एक दारुण दाखला आपल्या उपखंडाने पाहिला आहे. हे औषध दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गिधाडाचे शरीर माणसाहून वेगळे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही औषधाचा घाव कोणत्या अवयवावर बसतो, हे त्यातून कळते.

हृदयाविषयी : याच कुळातले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. त्यानंतर जुन्या वेदनाशामकांचीही कसून तपासणी झाली. २०१३ मध्ये युरोपच्या औषध-नियामक संस्थेने सांगितले, की हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, हृदयाची अकार्यक्षमता, पायांच्या धमन्यांतील अडथळा किंवा पूर्वी झालेला पक्षाघात असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये. हा इशारा रक्तात जाणाऱ्या सर्व प्रकारांना लागू आहे. सपोझिटरी त्याला अपवाद नाही.

मग ती वापरूच नये काय?

असा अर्थ कोणी काढू नये. योग्य रुग्णाला, योग्य कारणासाठी, थोडे दिवस दिलेली सपोझिटरी फार उपकारक आहे. मुतखड्याच्या कळांमध्ये डायक्लोफेनॅकचे स्थान पहिल्या पंक्तीतले आहे आणि उलट्यांनी बेजार झालेल्या रुग्णाला सपोझिटरी हा सोयीचा मार्ग ठरतो. शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही घेण्यास मनाई असताना, सिझेरियननंतरच्या वेदनांत किंवा संधिवाताच्या सकाळच्या जखडलेपणासाठी रात्री वापरल्यास तिचा चांगला गुण येतो. पित्तनलिका व स्वादुपिंडनलिकेच्या दुर्बिणीच्या तपासणीनंतर काहींना स्वादुपिंडाचा दाह होतो. अशा धोक्यातील ६०२ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंडोमेथॅसिन सपोझिटरीने हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर आले. तेव्हा आक्षेप सपोझिटरीवर नाही. ती निरुपद्रवी आहे या समजुतीवर आहे.

मात्रेचे गणित

प्रौढ व्यक्तीसाठी डायक्लोफेनॅकची कमाल मात्रा चोवीस तासांत १५० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा सर्व मार्गांची मिळून आहे, हे विसरले जाते. शस्त्रक्रियागृहात ७५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन, रात्री वॉर्डात १०० ची सपोझिटरी आणि सकाळी ५० ची गोळी असे झाले, तर बेरीज २२५ होते. तिन्ही आदेश वेगवेगळ्या हातांचे, आणि प्रत्येक आदेश सुटा पाहिला तर बिनचूक!

घरातले गणित याहून चोरटे असते. दुसऱ्या डॉक्टरांनी कंबरेसाठी दिलेल्या गोळीत एसिक्लोफेनॅक असते, दातांच्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिलेले असते. नावे निराळी, कूळ एकच. एका वेळी या कुळातले एकच औषध, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस, हा नियम पाळावा. वेदना उरलीच, तर डॉक्टरांना विचारून योग्य मात्रेत पॅरासिटामॉलची जोड देता येते.

कोणी टाळावी, कोणी विचारून घ्यावी?

• जठर वा आतड्याचा व्रण किंवा रक्तस्राव, मूत्रपिंडाचा अथवा यकृताचा गंभीर विकार, आणि वर सांगितलेले हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्यांनी टाळावी.

• अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामकाने पूर्वी दमा उसळला असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, तर सपोझिटरीनेही तेच घडू शकते.

• वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, हृदयासाठीची अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन, स्टेरॉइड, नैराश्यावरील काही औषधे, लिथियम व मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय वापरू नये.

• गुदाशयाचा दाह, रक्त पडणारी मूळव्याध, भेगा, जुलाब किंवा त्या भागावर नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास हा मार्ग योग्य नाही.

• गरोदरपणी स्वतःच्या मनाने मुळीच वापरू नये. विसाव्या आठवड्यानंतर या कुळातील औषधांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. शेवटच्या तिमाहीत गर्भाच्या हृदयाजवळील एक महत्त्वाची रक्तवाहिनी अकाली बंद होण्याचाही धोका असतो.

• ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर हे औषध नकोच, मग ते कोणत्याही मार्गाने असो. रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉलच वापरावे.

मुलांविषयी एक स्वतंत्र सूचना. आपल्याकडे तापासाठी पॅरासिटामॉलच्या ८०, १७० व २५० मिलिग्रॅमच्या सपोझिटरी मिळतात, आणि डायक्लोफेनॅकची १२.५ मिलिग्रॅमची लहान सपोझिटरीही मिळते. दोन्ही फ्रिजच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईबापांना दोन्ही सारख्याच दिसतात. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या, तापलेल्या बाळाला डायक्लोफेनॅक जाणे मूत्रपिंडांच्या दृष्टीने धोक्याचे. म्हणून वेष्टनावरील औषधाचे नाव व मात्रा दिव्याखाली वाचल्याशिवाय सपोझिटरी ठेवू नये. मोठ्यांची सपोझिटरी कापून मुलांना देणे तर सर्वथा चूक, कारण तुकड्यात किती औषध आले ते सांगता येत नाही. तोंडाने पॅरासिटामॉलचे सिरप दिले असेल, तर त्याचा हिशेबही सपोझिटरीच्या मात्रेत धरावा.

ठेवण्याची रीत

रीत साधी आहे, पण ती समजावून सांगण्यास आम्ही डॉक्टर चुकतो. वेष्टन न काढता ठेवलेली आणि पाण्याबरोबर गिळलेली, अशा दोन्ही तऱ्हांच्या सपोझिटरीच्या कथा व्यवसायबंधूंनी ऐकल्या असतीलच.

१. शक्यतो आधी शौचास जाऊन यावे. हात धुवावेत.

२. सपोझिटरी मऊ झाली असेल, तर वेष्टनासकट काही मिनिटे थंड पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवावी. मग वेष्टन पूर्ण काढावे.

३. डाव्या कुशीवर निजून उजवा गुडघा पोटाकडे घ्यावा.

४. सपोझिटरी पाण्याने ओली करून हलकेच आत सरकवावी. प्रौढांमध्ये ती गुदद्वाराच्या स्नायूच्या पलीकडे, साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत जावी. अलीकडेच राहिली तर ती बाहेर येते. टोकदार बाजू आधी घालण्याचा प्रघात आहे. बोथट बाजू आधी घातल्यास ती अधिक सहज आत राहते, असे इजिप्तमधील डॉक्टरांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते. रुग्णाला जे सोयीचे वाटेल ते करावे.

५. पंधरा मिनिटे पडून राहावे व तासभर शौचास जाणे टाळावे. हात पुन्हा धुवावेत.

ठेवल्यावर काही मिनिटांतच ती अख्खीच्या अख्खी बाहेर पडली, तर दुसरी ठेवता येते. अर्धवट विरघळून किंवा उशिरा बाहेर आली, तर किती औषध अंगात गेले ते कळत नाही. म्हणून डॉक्टरांना न विचारता दुसरी ठेवू नये.

साठवणुकीविषयी : वैशाखात आपल्या माळव्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा वेळी कपाटात किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली सपोझिटरी वितळते. वितळून पुन्हा गोठलेल्या सपोझिटरीत औषध सर्वत्र सारखे राहिले असेल याची खात्री नसते. ती टाकून द्यावी. वेष्टनावर लिहिलेल्या तापमानाचे पालन करावे आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

धोक्याची चिन्हे

काळी, डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पाय वा चेहरा सुजणे, धाप लागणे, छातीत दुखणे, अंगावर पुरळ येणे, डोळे वा त्वचा पिवळी पडणे, यांपैकी काहीही झाल्यास औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे. गुदाशयात सतत आग होणे, कळ येणे वा रक्त पडणे हेही औषध थांबवण्याचेच कारण आहे.

यात संकोच आड येतो. या मार्गाविषयी बोलणे आपल्या घरांत अवघड वाटते, विशेषतः वडीलधाऱ्यांना. म्हणून औषधांची यादी सांगताना सपोझिटरी गाळली जाते आणि शौचाचा बदललेला रंगही कोणी सांगत नाही. माझी विनंती अशी, की घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची एक लेखी यादी करावी आणि तिच्यात सपोझिटरी, मलमे व इंजेक्शने हीसुद्धा लिहावीत. दवाखान्यात जाताना ती सोबत न्यावी, म्हणजे तोंडाने सांगण्याचा प्रश्नच उरत नाही.

व्यवसायबंधूंना दोन शब्द

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे. तरी स्वतःच्या चुकीतून शिकलेले चार नियम नमूद करतो. पहिला, चिठ्ठीवर मात्रेसोबत दिवसांची संख्या लिहावी आणि 'पुन्हा देऊ नये' असे स्पष्ट लिहावे. दुसरा, साठीपुढील प्रत्येक रुग्णास लिहून देण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळीचे पूर्ण नाव पाहावे व क्रिएटिनिनची चौकशी करावी. तिसरा, 'आणखी कोणते औषध?' एवढेच न विचारता 'खालून ठेवायचे किंवा टोचून घ्यायचे काही?' असे विचारावे. चौथा, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असताना सपोझिटरी ठेवायची असेल, तर रुग्णास आधी सांगून संमती घ्यावी, आणि ती दिल्याची वेळ व मात्रा वॉर्डात जाणाऱ्या कागदावर ठळकपणे नोंदवावी. संमतीने रुग्णाचा सन्मान राखला जातो, नोंदीने मात्रेची बेरीज राखली जाते.

आमच्या औषधविक्रेत्या मित्रांनाही नम्र विनंती, की जुन्या चिठ्ठीवर हे औषध पुन्हा देण्यापूर्वी चिठ्ठीची तारीख पाहावी.

काकू पुढे बऱ्या झाल्या. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन थोडे कमी करणे, हातात काठी आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल यांवर त्यांचे बरे चालले. पुढच्या खेपेला त्या आल्या, तेव्हा शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलेली औषधांची यादी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "आता यात काही सुटलेले नाही, बघा." मी ती यादी वाचली, नवी चिठ्ठी लिहिली, आणि प्रत्येक औषधापुढे किती दिवस, ते लिहिले.